पाहुण्याला दाखवायचे बडोदे

बाहेरगावचा पाहुणा बडोद्यास आला की घरातल्या कुणी वडीलधाऱ्याने त्याच्या हाती स्थळांची एक यादी द्यायची, ही रीत आपल्यापैकी बहुतेक घरांना परिचित आहे. लक्ष्मीविलास राजवाडा, खंडेराव मार्केट, न्यायमंदिर, सूरसागर, कीर्तिमंदिर, काळा घोडा, म्युझियम. छापील मार्गदर्शिकांतही थोड्याफार फरकाने हीच नावे येतात. वाटाड्या न घेता, आपल्या पायांनी आणि आपल्या सवडीने शहर पाहू इच्छिणाऱ्यास एवढे पुरते, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात या यादीकडे एखाद्या संहितेकडे पाहावे तसे पाहावयाचे आहे. काय घेतले, काय गाळले आणि कशानंतर काय ठेवले, यांतून यादी बोलत असते. आपली यादी जे बोलते ते मला अपुरे वाटते. एका ठिकाणी तर अप्रामाणिक वाटते.

तिचा गुण आधी मान्य करावयास हवा. या वास्तू देखण्या आहेत आणि त्यांच्यामागे एक निश्चित दृष्टी आहे. मेजर मँटने आरंभिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने पुरा केलेला राजवाडा (१८९०), त्याच चिझमचे न्यायमंदिर (१८९६), पालिकेचा कारभार ज्यातून चालतो ते खंडेराव मार्केट. एका संस्थानाने आपली राजधानी कशी सजवली हे पाहण्यास यांहून चांगले साधन नाही. न्यायमंदिरातून न्यायालये २०१८ मध्ये बाहेर पडली, तरी नावाला अर्थ देणारी ती भव्यता जागेवर आहे.

पण ही सारी स्थळे एकामागून एक ठेवली की जे तयार होते ते शहराचे वर्णन नव्हे, ती प्रशस्ती आहे. सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले १८८१ मध्ये. कीर्तिमंदिर पूर्ण झाले १९३६ च्या सुमारास, त्यांच्या हीरकमहोत्सवानिमित्त. यादीतील बहुतेक दगड या पंचावन्न वर्षांत बसवलेले. दमाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले, त्यानंतरचे जवळजवळ दीड शतक यादीत नाही आणि त्याआधीचे शहर तर नाहीच. मल्हारराव १८७५ मध्ये पदच्युत झाले नसते, आणि जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका मुलास दत्तक घेतले नसते, तर यादीतील एकही कमान उभी राहिली नसती. मल्हाररावांचा नजरबाग वाडा अलीकडेच, या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पाडला गेला. त्याबद्दल हळहळ व्यक्त झाली, परंतु आपल्या यादीत तो पूर्वीही क्वचितच असे.

दुसरा दोष अधिक मूलभूत. ही यादी पायी चालणाऱ्यासाठी केलेलीच नाही. ती बग्गीतून हिंडणाऱ्यासाठी होती, पुढे मोटारीतून हिंडणाऱ्यास उपयोगी पडली. एका फाटकाशी उतरायचे, पाहायचे, पुन्हा बसायचे. चालणाऱ्याला मात्र दोन स्थळांमधली वाट मिळते, आणि बडोद्याचे खरे वाचन त्या मधल्या वाटेतच आहे. शेजारच्या अहमदाबादेत १९९७ पासून चालू असलेल्या पदभ्रमणाची रचना या बाबतीत शहाणपणाची आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून ती वाट पोळींच्या आतून जामा मशिदीपाशी पोचते. मंदिर आणि मशीद ही दोन टोके झाली. मजकूर मधल्या पोळींत आहे.

म्हणून माझ्या मते वाट मांडवीपासून सुरू व्हावी, तीही सकाळी दुकाने उघडण्याआधी. चारही बाजूंना तीन तीन कमानी असलेली ती चौकोनी वास्तू मोगल अमदानीची मानली जाते. तिच्या चारी अंगांना रस्ते आणि रस्त्यांच्या टोकांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडी हे दरवाजे. शहराची आखणी येथे उभे राहिल्यावर एका क्षणात कळते. राजवाड्याच्या हिरवळीवर तासभर घालवूनही ती कळत नाही. जवळच बाजवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९१० मध्ये अमेरिकेहून आलेल्या बॉर्डनने या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावली आणि महाराजांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ तिला दिले. पोलादी मांडण्या आणि खालपर्यंत उजेड उतरावा म्हणून घातलेल्या काचेच्या जमिनी पाहण्यासारख्या आहेत. सयाजीरावांची थोरवी सांगावयाची तर मी पाहुण्यास दरबार हॉलऐवजी येथे उभा करीन. गावोगाव पेट्यांतून पुस्तके पाठवणारा राजा मला हत्तीवरच्या राजापेक्षा मोठा वाटतो.

मांडवीहून लहरीपुऱ्याकडे चालताना पाट्या वाचाव्यात. पोळ, खांचो, फळिया हे शब्द गुजराती वस्तीचे. वाडा, पुरा, बाग यांत आपली आणि मोगलांची सरमिसळ. दोन्ही प्रकारची नावे एकाच गल्लीत, एकमेकांना खेटून. या शहरात आपण मालक होतो की भाडेकरू, या वादाचे उत्तर कुठल्याही स्मारकापेक्षा या पाट्या अधिक नेमके देतात. दरवाजातून बाहेर पडताच न्यायमंदिर समोर येते, आणि आतल्या अरुंद रस्त्यांवरून आलेल्या चालणाऱ्याला त्याची भव्यता जशी जाणवते तशी गाडीतून उतरलेल्यास कधीच जाणवणार नाही.

सूरसागरात उभ्या असलेल्या १११ फुटी शंकराकडेच आता साऱ्यांची दृष्टी जाते. त्याच काठावरच्या संगीत महाविद्यालयाकडे वळून पाहणारे थोडे. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेपासून त्याची परंपरा येते. येथील दरबारी गायक उस्ताद फैयाज खाँ यांच्या याच शहरातील कबरीची २००२ मध्ये विटंबना झाली. ती कबर यादीत नाही. पाहुण्यास तेथे नेल्यावर काय सांगायचे, हा प्रश्न आपल्यालाही अवघड आहे.

आता तांबेकर वाडा. माझी खरी तक्रार या वाड्याच्या बाबतीत आहे. दांडिया बाजाराकडून रावपुऱ्यात शिरल्यावर, मागच्या गल्लीत, बाहेरून कुठलाही डौल न मिरवणारा हा तीन मजली लाकूडवाडा आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचे हे घर. पुरातत्त्व खात्याने ते जपलेले असूनही आपल्याच घरांतल्या पुष्कळांनी ते आतून पाहिलेले नाही. वरच्या दालनांच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत: कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, आणि त्यांच्याच शेजारी झग्यातल्या गोऱ्या बायका. ही चित्रे एकोणिसाव्या शतकातली. चितारी कोणत्या परंपरेतले होते याचा काथ्याकूट तज्ज्ञांनी करावा. साध्या डोळ्यांना दिसते ते असे की या घरातल्या माणसांना पुराण, इतिहास आणि रस्त्यावर दिसणारी मडमसाहेब हे सारे एकाच भिंतीवर मावत होते. एका मराठी कारभाऱ्याच्या घरातले मन इतक्या निःसंकोचपणे उघडे पडलेले अन्यत्र क्वचित सापडेल. राजवाड्यात आपण राजाला भेटतो. येथे आपण आपल्या पणजोबांच्या पिढीला भेटतो. तरी यादीत वाड्याचे नाव असलेच तर शेवटी, ‘वेळ मिळाल्यास’ या शब्दांसह.

चित्रांचाच धागा धरून पुढे कीर्तिमंदिराकडे जावे. रावपुऱ्याचा टॉवर वाटेत लागतो. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. कीर्तिमंदिराच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा कोरलेली पृथ्वी आहे, ती खालून ओळखण्यात पाहुण्यांची पाच मिनिटे आनंदात जातात. आत मात्र नंदलाल बोस आहेत. गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध ही त्यांची भित्तिचित्रे १९३९ ते १९४६ या काळातली. तांबेकर वाड्यातील दाटीवाटीनंतर लगेच ही मोकळी, वाहती रेषा पाहिली म्हणजे दोन्हींचे मोल वाढते. हा योग केवळ क्रमामुळे साधतो. मोटारीच्या यादीत कीर्तिमंदिर म्हणजे राजघराण्याची स्मारके, एवढीच नोंद असते.

आणि मग सयाजीबाग, जुन्या माणसांची कमाठीबाग. दारातच काळा घोडा, त्यावर महाराज. यादी पाहुण्याला या पुतळ्यापाशी थांबवते आणि पुढे म्युझियमकडे पाठवते. बागेतली एक जागा मात्र ती वगळते, आणि याच वगळण्याला मी वर अप्रामाणिक म्हटले.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यास ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. दोघा परिचितांना, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला. दोघांनी आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले तास त्यांनी या बागेत बसून काढले. हे सारे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवले आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दूरदूरहून लोक तेथे येतात. त्यांच्या यादीत बडोदे म्हणजे हेच एक स्थळ असते. आपल्या यादीत हे एकच नसते.

यावर एक आक्षेप ऐकू येतो. हे दाखवल्याने महाराजांचे नाव कमी होते, आणि दोष तर त्यांचा नव्हता. दोष त्यांचा नव्हता, हे खरेच. १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाने आंबेडकरांना सातासमुद्रापार पाठवले. त्यांना एक खोली देणे राजाच्या नव्हे, गावाच्या हाती होते. त्या गावात आपलीही घरे होती. ज्या दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून पाहुण्याला आपण अभिमानाने चालवत आणतो, तेथलेही एखादे दार त्या दिवशी उघडू शकले असते. काळा घोडा आणि ही जागा एकाच बागेत, एकाच फेरीत पाहिली तरच सयाजीरावांचे काम किती मोठे होते आणि ते किती एकट्याचे होते, हे समजते.

म्हणून वाट उलटी करावी, मांडवीपासून बागेपर्यंत. अंतर अडीच-तीन किलोमीटरांहून फारसे अधिक नाही. राजवाडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा, तिकीट काढून तो निवांत पाहता येतो. वाडा व ग्रंथालय उघडे असतील असा दिवस निवडावा, दुपार दांडिया बाजारात काढावी, आणि बागेत चारच्या सुमारास पोचावे. पाहुण्याची परतीची गाडी रात्रीची असेल तर त्याने उरलेला वेळ तेथेच बसून काढण्यास हरकत नाही; स्थानक जवळ आहे.