राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास आणि मुंबईचे वगळलेले मैदान : ‘मैदान’ या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रस्तावना

क्रीडाविषयक लेखनाकडे मराठीत प्रामुख्याने माहितीपर लेखन म्हणून पाहिले जाते. सामन्यांचे निकाल, विक्रमांचे तक्ते आणि खेळाडूंच्या आठवणी यांपलीकडे त्याची चिकित्सा क्वचितच होते. वास्तविक क्रीडेतिहास हेही एक कथन असते. त्याला नायक असतो, आरंभ आणि शेवट असतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात काही गोष्टी वगळलेल्या असतात. भारतीय राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या इतिहासाला हे विशेषत्वाने लागू पडते. अमित रविंद्रनाथ शर्मा दिग्दर्शित ‘मैदान’ (२०२४) या हिंदी चित्रपटाने हा इतिहास मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणला. सदर चित्रपट आणि त्यामागील प्रचलित कथन यांचा परामर्श घेऊन, त्यात मुंबईचे स्थान काय आहे आणि ते तसे का आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रचलित कथनाचे स्वरूप

राष्ट्रीय संघाचा इतिहास साधारणतः एका ठरावीक क्रमाने सांगितला जातो. १९११ मध्ये मोहन बागानने आयएफए शील्ड जिंकली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळलेल्या भारतीय संघाने फ्रान्सला झुंजवले आणि दोन पेनल्टी वाया घालवून सामना १-२ असा गमावला. १९५० च्या विश्वचषकाची संधी हुकली. १९५१ मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५६ मध्ये मेलबर्नला चौथा क्रमांक आणि १९६२ मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्णपदक असा कळस गाठला गेला. त्यापुढे उतरण सुरू होते. या क्रमात कलकत्ता ही खेळाची जन्मभूमी ठरते आणि हैदराबाद ही त्याची कर्मभूमी.

‘मैदान’ हाच क्रम स्वीकारतो. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये युगोस्लाव्हियाकडून झालेल्या १-१० अशा पराभवापासून जकार्तातील अंतिम सामन्यापर्यंतचा दशकभराचा काळ त्याने निवडला आहे. अजय देवगण यांनी साकारलेले रहीम संयत आहेत. अंतिम सामन्याचे चित्रीकरण प्रत्ययकारी आहे. डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंगला बचावफळीतून आघाडीला खेळवण्याचा निर्णय, प्रतिकूल प्रेक्षकवर्ग आणि दक्षिण कोरियावरील २-१ असा विजय या मूळच्याच नाट्यपूर्ण घटना आहेत. चित्रपटाचे हे यश मान्य केले पाहिजे.

तथापि त्याची मर्यादाही येथेच आहे. एकीकडे एकाकी, आजारी प्रशिक्षक आणि दुसरीकडे फुटबॉल महासंघातील कारस्थानी अधिकारी व सत्ताधारी पत्रकार अशा दुहेरी मांडणीत खेळाडूंना स्वतंत्र आयुष्य उरत नाही. एखादी लकब, एखादा संवाद एवढ्यावर त्यांची ओळख भागवली जाते. हा खेळाडू मैदानावर नसताना कोठे नोकरी करत होता, कोणाच्या पगारावर त्याचे घर चालत होते, तो कोणत्या वस्तीत राहत होता, या प्रश्नांना चित्रपटात वाव नाही. हे प्रश्न विचारले की मात्र पावले मुंबईकडे वळतात.

कूपरेजची साक्ष

रहीम यांच्या थोरवीचा पहिला मोठा पुरावा दक्षिण मुंबईत, ओव्हल मैदानाजवळच्या कूपरेजवर सापडतो. रोव्हर्स चषक ही मुंबईची स्पर्धा १८९१ पासून खेळली जाऊ लागली. आरंभीची अनेक वर्षे तिच्यावर ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ते मोडून काढले आणि हा चषक प्रथमच भारतीय संघाच्या हाती आला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो जिंकला. म्हणजे चित्रपटाचा आरंभ ज्या पराभवाने होतो, त्याच्या आधी आणि नंतरही रहीम यांची पद्धत मुंबईच्या प्रेक्षकांसमोर वर्षानुवर्षे सिद्ध होत होती.

मुंबई केवळ पाहुण्यांचे यजमानपद करत होती असेही नाही. १९५४-५५ ची संतोष चषक स्पर्धा मुंबईने जिंकली, तर १९६३-६४ मध्ये तीच स्पर्धा महाराष्ट्राने जिंकली. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या मुंबईतील संघाने मिळवला. हारवूड लीग आणि नाडकर्णी चषक यांत टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल अशी नावे झळकत. या नावांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कलकत्त्याचे संघ समाजाचे वा मोहल्ल्याचे होते, हैदराबादचा संघ पोलीस खात्याचा होता, तर मुंबईचे संघ प्रामुख्याने कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे होते. खेळाडूला हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार आणि सरावासाठी सवलत मिळे. राष्ट्रीय संघाच्या ‘सुवर्णकाळा’चा आर्थिक पाया या व्यवस्थेतही होता.

धोबीतलाव ते माटुंगा : खेळाडूंचा भूगोल

या व्यवस्थेतून आलेली तीन नावे येथे उदाहरणादाखल घेता येतील. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी त्रयी साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. उपान्त्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच होता आणि चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ते संयुक्तपणे अग्रस्थानी राहिले. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळत. टाटांचेच फॉर्च्युनाटो फ्रँको जकार्ताच्या विजयी संघात होते. १९५६ व १९६० या दोन्ही ऑलिंपिक पथकांतील गोलरक्षक एस. एस. नारायण हे केरळमध्ये जन्मलेले, परंतु माटुंग्याच्या मैदानांवर घडलेले आणि पुढे कॅल्टेक्स व टाटांकडून खेळलेले.

नेव्हिल आणि फ्रँको हे मूळचे गोव्याचे. गोव्यातून पोटापाण्यासाठी येणाऱ्यांची मुंबईतील वस्ती गिरगावला लागून असलेल्या कावेल व धोबीतलाव परिसरात, माझगावात, तसेच दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आसपास दाट होती. धोबीतलावच्या जेर महालात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’, म्हणजे खलाशी व नोकरदारांची सामायिक निवासस्थाने, होती. चर्च, मिशनऱ्यांच्या शाळा आणि क्रॉस मैदानासारखी मोकळी जागा यांच्या आधाराने या समाजात फुटबॉल रुजला.

येथे राष्ट्रीय कथनाला अवघड जाणारा एक मुद्दा उपस्थित होतो. १९५६ मध्ये नेव्हिल भारतासाठी गोल करत होते, तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. फ्रँको यांचा जन्म १९३७ मध्ये गोव्यातील कोलवाळचा. ते १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारतीय पथकात निवडले गेले, तेव्हाही ती भूमी भारतात सामील झालेली नव्हती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि नऊ महिन्यांच्या आत, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ताचे सुवर्णपदक आले. ‘राष्ट्रीय’ संघातील या खेळाडूंची मूळ गावे राष्ट्राच्या सीमेबाहेर होती. त्यांना राष्ट्राशी जोडणारा दुवा मुंबईतील नोकरी आणि मुंबईचे मैदान हा होता. तिरंगा, शिट्टी आणि गोल यांच्या जल्लोषात ही गुंतागुंत हरवते. चित्रपटाने ती हाताळली असती तर त्यातील देशभावना उणी न होता अधिक अर्थपूर्ण झाली असती.

गिरणगाव आणि मराठी क्रीडालेखन

या विस्मरणाचा सर्व दोष हिंदी चित्रपटावर टाकणे न्याय्य होणार नाही. मराठी क्रीडालेखनानेही हा वारसा आपला मानलेला नाही. लालबाग-परळच्या गिरणगावाचा क्रीडेतिहास म्हटला की कबड्डी, व्यायामशाळा, मल्लखांब आणि लेझीम डोळ्यांसमोर येतात. दादर म्हटले की शिवाजी पार्कचे क्रिकेट. यामागे वास्तव कारणे आहेत. चाळीपुढच्या अंगणात कबड्डीचे मैदान आखता येते, फुटबॉलचे नाही. मंडळाच्या मुलांना बूट परवडणारे नव्हते. फुटबॉल मिशनऱ्यांच्या शाळांतून आला आणि कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांची मुले प्रायः नगरपालिकेच्या शाळांत शिकत.

परंतु यातून निघणारा ‘फुटबॉल हा आपला खेळ नव्हे’ हा निष्कर्ष तपासून पाहावा लागतो. कबड्डीपटूला गिरणीत चिकटवून घेणारी व्यवस्था आणि फुटबॉलपटूला कचेरीत जागा देणारी व्यवस्था मुळात एकच होती. खुद्द परळमध्ये सेंट झेवियर्सचे मैदान मुंबईच्या फुटबॉल सामन्यांचे केंद्र राहिले आहे. एकाच शहरात, एकाच औद्योगिक अर्थकारणावर पोसलेले दोन खेळ भाषा, धर्म आणि वस्ती यांच्या भिंतींमुळे परस्परांना अनोळखी राहिले. मराठी लेखनाने त्यांपैकी एकाचीच नोंद ठेवली.

ही नोंद केवळ जुन्या अभिमानासाठी आवश्यक आहे असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर गिरणगावाची घडी विस्कटली. पुढील काळात गिरण्या राहिल्या नाहीत, तसे त्यांचे संघही राहिले नाहीत. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर खेळला गेला नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद करण्यात आला. व्यावसायिक लीग आली, मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये विजेतेपदे मिळवली. पण खेळाडूला निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी देणारी जुनी चौकट तिने भरून काढलेली नाही. राष्ट्रीय संघाच्या पीछेहाटीची चर्चा क्रिकेटची लोकप्रियता आणि महासंघाचा कारभार या दोन कारणांपाशी थांबते. नोकरीचा आधार गेला, हे तिसरे कारण तीत अभावानेच येते.

अर्थात या चौकटीचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती आणि तिची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती, हे गिरणगावाच्याच उदाहरणावरून दिसते.

समारोप

‘मैदान’ हा एका उपेक्षित प्रशिक्षकाला न्याय देणारा चित्रपट आहे. तथापि संघाचे यश एका व्यक्तीच्या प्रतिभेत शोधले की अपयशावरचा उपायही एखाद्या व्यक्तीतच शोधला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील यांच्याकडे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद आले, तेव्हाच्या अपेक्षांमध्ये ही प्रवृत्ती दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता हुकली. तारणहाराच्या प्रतीक्षेची मर्यादा यातून स्पष्ट होते.

राष्ट्रीय संघ हा राष्ट्रभावनेइतकाच नोकऱ्या, वस्त्या, शाळा आणि मोकळ्या जागा यांतून घडतो. मेलबर्नमधील त्या तीन गोलांमागे टाटांच्या कचेरीचा हजेरीपट होता आणि त्यामागे पोटासाठी मुंबईत आलेला एक समाज होता. त्या समाजाची वस्ती गिरगावच्या शेजारी असूनही मराठी वाचकाला तिची ओळख राहिली नाही. ही उणीव भरून काढणे हे मराठी क्रीडासमीक्षेपुढील काम आहे आणि त्याचा आरंभ कूपरेजपासून करता येईल.