शोभेची कॉफी-चक्की आणि चिखलदऱ्याच्या बिया

मागच्या वेळी पिठातले कण कसे मोजतात ते सांगितलं होतं. आज तोच विषय, पण घरातल्या एका वस्तूवर.

तर झालं असं, सुट्टीत गोंदियाला जाताना आईसाठी हाताने फिरवायची कॉफी-चक्की नेली. लाकडी पेटी, वर पितळी वाटी, वळणदार दांडा, खाली इवलासा ड्रॉवर. सोबत चिखलदऱ्याच्या बिया. (हो, आपल्या विदर्भातच, मेळघाटात कॉफी पिकते. सांगितलं तरी अनेकांना पटत नाही.) पहिला कप पिऊन बाबा म्हणाले, "आंबट पण लागते, कडू पण लागते. आपल्याकडची कॉफी अशीच राहते बा." चक्कीवर कोणालाच संशय आला नाही. इतकी देखणी वस्तू वाईट कशी असेल? माझं भांडण इथेच आहे.

गोंदियाच्या माणसाला हे समजवायला राइस मिल पुरते. तांदळात कणी, म्हणजे आपली कनकी, किती आहे यावर भाव ठरतो. अख्खा दाणा आणि कणी एकाच भांड्यात शिजवून बघा: कणीचा गिचका होतो तेव्हा दाणा अजून कच्चाच असतो. कॉफीचंही तसंच. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनाच्या कॉफीचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणून बारीक कणांतून अर्क झपाट्याने उतरतो. भुकटी कडवटपणा देते, जाड तुकडे अर्धवट राहून आंबट लागतात. एकाच कपात दोन्ही. बाबांची जीभ अगदी बरोबर होती, निदान तेवढं चुकलं.

मग चक्की असं का दळते? दांडा जरा आडवा ढकलून बघा. आमचा डुगडुगत होता. आतला दातेरी शंकू दांड्याच्या खालच्या टोकाला असतो आणि बिया तो आणि बाहेरचं कडं यांच्या फटीत भरडल्या जातात. आमच्या चक्कीत दांड्याला आधार फक्त वर, पितळी पट्टीतल्या भोकाचा. खाली काही नाही. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात फट एका बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला मिटते. नट कितीही आवळा, फट सगळीकडे सारखी होतच नाही. चांगल्या हातचक्कीत दांडा वर आणि खाली असा दोन बेअरिंगमध्ये धरलेला असतो. ती बहुधा नुसता धातूचा नळकांडा असते, शोकेसमध्ये कोणी ठेवणार नाही.

आजीचं जातं आठवा. मधला खुंट घट्ट, वरची तळी स्वतःच्या वजनाने बसलेली, दात बोथट झाले की टाकी लावून घ्यायची. जातं जागचं हलत नाही. ही पेटी ओट्यावर सरकते म्हणून मी ती गुडघ्यांत धरली. दोन कपांच्या बिया दळेपर्यंत मनगट भरून आलं. आईला तर हे सांगायचंच नाही, तिचं मनगट आधीच दुखतं. शिवाय लाकडी ड्रॉवर धुता येत नाही, जुन्या भुकटीचा खवट वास तसाच राहतो.

नक्षीला माझा विरोध नाही बरं का. प्यूजोची पहिली कॉफी-चक्की 1840 ची, तेव्हापासून लोक या वस्तूला देखणं करत आलेत. पण नक्षीवर खर्च करून खालचा आधार गाळायचा, याला काय म्हणायचं?

तुमच्याकडेही अशी चक्की असेल तर फेकू नका. दळलेली कॉफी पिठाच्या बारीक चाळणीतून हलवा. खाली पडलेली भुकटी बाजूला काढा, वर राहिलेले मोठे तुकडे वेचून परत दळा. थोडी कॉफी वाया जाते, वेळही जातो. मी तेच केलं, त्याच बियांवर, त्याच पाण्यात. बाबांनी पूर्ण कप संपवला आणि विचारलं, "ही कुठली आणली?"