उठाव, बंड की यादवी? : हंगेरीचे १९५६ साल आणि भारतीय प्रतिक्रियेची भाषा

परराष्ट्रातील जनता आपल्या राज्यकर्त्यांविरुद्ध रस्त्यावर उतरली म्हणजे इतर देशांतील पुढाऱ्यांना व वृत्तपत्रांना त्या घटनेला काही एक नाव द्यावे लागते. तो उठाव आहे, बंड आहे, दंगल आहे की यादवी आहे, हे ठरविल्याखेरीज तिच्याविषयी एक वाक्यही लिहिता येत नाही. आणि एकदा नाव ठरले की पुढील भूमिका बहुतांशी त्या नावातच सामावलेली असते. अशा प्रतिक्रियांची चर्चा आपल्याकडे सामान्यतः परराष्ट्रधोरणाच्या अंगाने होते. त्यांच्या भाषेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९५६ साली हंगेरीत झालेल्या उठावाच्या भारतात ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे अवश्य आहे. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमधील विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांसाठी मोर्चा काढला. सायंकाळपर्यंत त्यात कामगार व सामान्य नागरिक सामील झाले, स्टालिनचा पुतळा पाडण्यात आला आणि आकाशवाणी-केंद्रापाशी गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत रणगाडे शहरात आले व इम्रे नॉज यांच्याकडे पंतप्रधानपद गेले. १ नोव्हेंबरला नॉज यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडण्याची व तटस्थतेची घोषणा केली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत सैन्याने दुसऱ्यांदा, आणि या वेळी निर्णायक, चाल केली. या संघर्षात सुमारे अडीच हजार हंगेरियन मृत्युमुखी पडले आणि सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले. पुढील काही वर्षांत दोनशेहून अधिक लोकांना फाशी देण्यात आली. खुद्द नॉज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी झाली.

नेमक्या याच दिवसांत सुवेझचे प्रकरण घडले. २९ ऑक्टोबरला इस्रायलने ईजिप्तवर चढाई केली आणि ३१ ऑक्टोबरला ब्रिटन व फ्रान्स यांनी बॉम्बवर्षावास प्रारंभ केला. एकाच आठवड्यात दोन दुर्बल राष्ट्रांवर दोन वेगवेगळ्या गटांतील प्रबळ राष्ट्रांनी शस्त्र उचलले. जगातील प्रत्येक पुढाऱ्याच्या व संपादकाच्या शब्दांना इतकी नेमकी कसोटी क्वचितच लागली असेल. समान कृत्याला समान शब्द वापरला जातो की नाही, हे पाहण्याची ही संधी होती.

या कसोटीवर भारत सरकारची भाषा कशी उतरते? सुवेझविषयी नवी दिल्लीने तत्काळ व निःसंदिग्ध शब्दांत आक्रमणाचा निषेध केला. हंगेरीविषयी पंतप्रधान नेहरू प्रारंभी मौनच पाळून राहिले, असा आरोप पुष्कळदा केला जातो. पण तो अक्षरशः खरा नाही. ५ नोव्हेंबरला नवी दिल्लीत युनेस्कोच्या परिषदेपुढे बोलताना त्यांनी ईजिप्त व हंगेरी यांचा एकत्र उल्लेख करून दोन्ही ठिकाणी मानवी प्रतिष्ठा पायदळी तुडविली जात असल्याचे म्हटले होते. १४ नोव्हेंबरला भारत, ब्रह्मदेश, सिलोन व इंडोनेशिया या चार देशांच्या पंतप्रधानांनी संयुक्त पत्रक काढून सोव्हिएत सैन्य मागे घेण्याची अपेक्षा व्यक्त केली. २१ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना हंगेरीत प्रवेश द्यावा, असा ठराव मांडणाऱ्यांत भारत होता. तेव्हा प्रश्न मौनाचा नाही. प्रश्न आहे तो शब्दांच्या वजनातील तफावतीचा. एके ठिकाणी कर्त्याचे नाव घेऊन कृत्याला आक्रमण म्हटले गेले. दुसऱ्या ठिकाणी कर्ता मागे सरून केवळ दुःखद परिस्थिती पुढे आली. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर सुवेझ कर्तरि प्रयोगात बोलले गेले आणि हंगेरी पहिल्या आठवड्यांत भावे प्रयोगात.

या तफावतीचा कळस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झाला. ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरला पाच राष्ट्रांनी मांडलेल्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत मुक्त निवडणुका घ्याव्यात, अशी मागणी होती. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्याविरुद्ध मत दिले. साम्यवादी राजवट नसलेल्या राष्ट्रांपैकी विरोधी मत देणारे भारत हे एकमेव राष्ट्र होते. सार्वभौम सदस्यराष्ट्राच्या निवडणुकीवर बाहेरची देखरेख नको, हा मेनन यांचा युक्तिवाद तत्त्व म्हणून पोकळ नव्हता. परंतु ज्या राजधानीत परकीय रणगाडे उभे आहेत तेथील सार्वभौमत्व नेमके कोणाचे, हा प्रश्न त्या युक्तिवादाने विचारलाच नाही. या मताचे समर्थन पुढे नेहरूंनी लोकसभेतही केले.

या वर्तनाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले, माहितीच्या अभावाचे. बुडापेस्टमध्ये त्या वेळी भारताचा निवासी राजदूत नव्हता. दूतावासाचा कारभार एम. ए. रहमान हे प्रभारी अधिकारी पाहत होते आणि राजदूत के. पी. एस. मेनन यांचे ठाणे मॉस्कोत होते. संपर्काची साधने विस्कळित झाली होती. वृत्तपत्रांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. परदेशच्या बातम्यांसाठी ती मुख्यत्वे पाश्चात्त्य वृत्तसंस्थांवर अवलंबून होती, आणि त्याच वृत्तसंस्थांच्या देशांची विमाने त्या आठवड्यात ईजिप्तवर बॉम्ब टाकीत असल्याने त्यांच्या वार्तांविषयी संशय वाटणे स्वाभाविक होते. हे सर्व मान्य केले तरी हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. ५ नोव्हेंबरला ईजिप्तच्या जोडीने हंगेरीचे नाव घेण्याइतकी माहिती ज्यांच्यापाशी होती, त्यांनी ९ नोव्हेंबरला अज्ञानाचा आधार घेणे सुसंगत नव्हे.

दुसरे स्पष्टीकरण स्वार्थाचे. १९५५ च्या अखेरीस बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह भारतात आले होते आणि काश्मीर व गोवा या दोन्ही प्रश्नांवर त्यांनी भारताची बाजू उचलून धरली होती. त्याच सुमारास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या पत्रकात आशियातील पोर्तुगीज वसाहतींना 'प्रांत' संबोधिले होते. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहातील गोळीबाराच्या आठवणी ताज्या असलेल्या मराठी वाचकाला तो शब्द किती झोंबला असेल, हे सांगणे नको. शिवाय बाह्य देखरेखीखालील मतदानाचे तत्त्व एकदा मान्य केले तर ते काश्मीरपर्यंत येऊन पोहोचणार, ही भीती होती. काश्मीरच्या प्रश्नावर सोव्हिएत नकाराधिकार फेब्रुवारी १९५७ मध्ये प्रत्यक्ष वापरला गेलाच. हे स्पष्टीकरण अधिक बळकट आहे. पण तेही सर्व गोष्टी उलगडत नाही. केवळ स्वार्थच पाहावयाचा असता तर १४ व २१ नोव्हेंबरची पावले टाकण्याचे कारण नव्हते.

म्हणून तिसऱ्या एका कारणाकडे लक्ष वेधावेसे वाटते, आणि ते भाषेचे आहे. आपली राजकीय परिभाषा ज्या लढ्यात घडली तो समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या सत्तेविरुद्धचा लढा होता. साम्राज्यशाही म्हणजे गलबते, वखारी, गव्हर्नर आणि कातडीचा रंग, हे चित्र त्या शब्दात घट्ट रुतून बसले होते. एका युरोपीय राष्ट्राने शेजारच्या युरोपीय राष्ट्रावर, तेही समाजवादाच्या नावाने, सैन्य घातले तर त्याला काय म्हणावे, यासाठी आपल्यापाशी तयार शब्द नव्हता. सुवेझसाठी तो पन्नास वर्षे घासून लख्ख झालेला होता. शब्द तयार असला की निषेध लवकर होतो. शब्द शोधावा लागला की माणूस वस्तुस्थितीची अधिक चौकशी करू लागतो. चौकशी वाईट नव्हे, पण ती एकाच बाजूला करणे म्हणजे पक्षपात होय, मग तो हेतुपुरस्सर असो वा नसो.

वस्तुतः मराठी वाचकाला या नामकरणाच्या वादाची जुनी ओळख आहे. १८५७ च्या घटनांना शासनकर्त्यांनी 'शिपायांचे बंड' म्हटले. १९०९ साली सावरकरांनी आपल्या ग्रंथात त्यांनाच स्वातंत्र्यसमर म्हटले. घटना त्याच होत्या; बदलला तो नाव देण्याचा अधिकार. ज्या भाषेत हा वाद इतक्या तीव्रतेने झाला, तिच्या वाचकांनी तरी परक्या देशातील उठावाचे नाव त्याच्या राज्यकर्त्याच्या तोंडून जसेच्या तसे उचलू नये, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही.

परंतु सरकारपुरतेच हे परीक्षण थांबविले तर ते एकांगी होईल. सोव्हिएत कारवाईला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला व उठावात प्रतिक्रांती पाहिली. उलट, प्रजासमाजवाद्यांनी तिचा निषेध केला, आणि जयप्रकाश नारायण यांनी तर सरकारच्या मिळमिळीत भूमिकेवर अत्यंत कठोर टीका केली. महाराष्ट्रात या मतभेदाला एक वेगळीच धार होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी यांचा पक्ष व कॉ. डांगे यांचा पक्ष खांद्याला खांदा लावून उभे होते. ज्या १ नोव्हेंबरला नॉज यांनी तटस्थता जाहीर केली, त्याच दिवशी मुंबईचे द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले. आणि संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडणारे आचार्य अत्रे यांचे 'मराठा' दैनिक १५ नोव्हेंबरला निघाले. मुंबईतील जमाव हा जनतेचा खरा आवाज आहे, याविषयी समितीतील या दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. बुडापेस्टमधील जमावाविषयी मात्र त्यांची मते दोन टोकांची होती. दुसरीकडे, ज्या सरकारने देशातील जमावांवर गोळीबार होताना पाहिला होता आणि त्याच वर्षी नागा टेकड्यांत सैन्य पाठविले होते, त्याला कोठल्याही जमावाला सार्वभौमत्वाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार देणे अवघड जात होते. यावरून एक सामान्य निष्कर्ष काढता येतो : परक्या देशातील जमाव खरा की खोटा, हे ठरविताना तो काय मागतो याकडे क्वचितच पाहिले जाते, तो कोणाच्या विरुद्ध उभा आहे यावरच ते ठरते.

टीकाकारांनाही याच न्यायाने तपासले पाहिजे. जयप्रकाशांचा ज्या सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संबंध होता, तिला अमेरिकी गुप्तहेर खात्याकडून पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. त्यामुळे बुडापेस्टविषयी जे म्हटले गेले ते असत्य ठरत नाही. विधानाचे सत्य हे वक्त्याच्या सोबत्यांवर अवलंबून नसते. पण कोणत्या उठावाची बातमी आपल्यापर्यंत मोठ्या आवाजात पोहोचते आणि कोणत्या उठावाची पोहोचतच नाही, हे ठरविणारे हात कोणाचे आहेत, याचा विचार संशोधकाने सोडता कामा नये.

मग खऱ्या प्रतिक्रियेचे गमक कोणते? माझ्या मते ते बोलणाऱ्याला पडलेल्या किमतीत शोधावे लागते. या दृष्टीने अशोक मेहता यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५६ साली ते भंडाऱ्याहून निवडून आलेले प्रजासमाजवादी सदस्य होते; विरोधी बाकांवरून सोव्हिएत कारवाईचा निषेध करण्यास त्यांना काही गमवावे लागत नव्हते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते. सुरक्षा समितीत निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला आणि मेहतांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बारा वर्षांत त्यांचा पक्ष बदलला, बाक बदलले. त्या कृत्याला द्यावयाचे नाव मात्र बदलले नाही.

याच्या विरुद्ध पारड्यात आणखी एक गोष्ट टाकली पाहिजे. सैन्याने संसदभवन व्यापले असता तेथेच राहिलेले मंत्री इश्तवान बिबो यांनी तडजोडीचा एक मसुदा तयार केला. आर्पाद गॉन्त्स यांच्यामार्फत तो भारतीय दूतावासाकडे पोहोचला. १९५८ मध्ये दोघांनाही जन्मठेप झाली. फाशी टळली ती भारताच्या रदबदलीमुळे, असे मानले जाते. हेच गॉन्त्स १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. जाहीरपणे कठोर बोलणाऱ्या अनेक राष्ट्रांना जे साधले नाही ते मवाळ बोलणाऱ्या राष्ट्राला साधले, असा युक्तिवाद यावरून केला जातो. तो निष्कारण उडवून लावण्यासारखा नाही. दोन माणसांचे प्राण ही लहानसहान गोष्ट नव्हे. तरीही खाजगी रदबदली व जाहीर शब्द यांचे श्रोते वेगळे असतात. रदबदली सत्ताधाऱ्याला उद्देशून असते, तर जाहीर शब्द जे हरले त्यांच्यासाठी आणि पुढे जे उभे राहतील त्यांच्यासाठी असतो. पहिलीच्या यशाने दुसऱ्याचे ऋण फिटत नाही. शिवाय रदबदलीसाठी मवाळ भाषा आवश्यक होती असे मानले, तरी ९ नोव्हेंबरचे विरोधी मत आवश्यक होते असे त्यातून निष्पन्न होत नाही. तटस्थ राहूनही ते दार उघडे राहिले असते.

हंगेरीत या घटनेचे अधिकृत नाव बत्तीस वर्षे 'प्रतिक्रांती' असेच होते. २८ जानेवारी १९८९ रोजी सत्ताधारी पक्षातीलच इम्रे पोझगाय यांनी आकाशवाणीवरून तिला लोकांचा उठाव म्हटले. त्या एका शब्दाने तेथील राजवटीच्या अधिष्ठानालाच धक्का बसला, आणि त्याच वर्षी १६ जूनला नॉज यांचा सन्मानपूर्वक पुनर्दफनविधी झाला. ज्यांनी ही घटना भोगली त्यांना तिचे नाव परत मिळविण्यासाठी इतका काळ वाट पाहावी लागली. दूर बसलेल्यांना ते नाव पहिल्याच आठवड्यात उच्चारता आले असते.

आपल्या वृत्तपत्रांच्या जुन्या संचिकांतून व संसदीय कामकाजाच्या वृत्तांतांतून या नामकरणाचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. हंगेरी, प्राग आणि त्यानंतरच्या प्रत्येक परदेशी उठावाच्या वेळी कोणत्या मराठी पत्राने कोणत्या दिवशी कोणता शब्द वापरला, तो केव्हा बदलला, आणि त्याच सुमारास घरच्या मोर्च्यांना ते पत्र काय म्हणत होते, हे शेजारी शेजारी मांडून पाहिले पाहिजे. असा कोष्टकवजा अभ्यास दिसावयास रूक्ष असला, तरी आपल्या सार्वजनिक भाषेचा प्रामाणिकपणा मोजण्याचे याहून भरवशाचे साधन उपलब्ध नाही.