टीपॉय भरला, पाहुणा अवघडला

ज्याला आता सगळे कॉफी टेबल म्हणू लागले आहेत, त्याला आपण इतकी वर्षे टीपॉय म्हणत आलो. या शब्दात चहा दडला आहे असे पुष्कळ जणींना वाटते, पण तसे नाही. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची, आपली तिवईच. इंग्रजांच्या तोंडी ती टीपॉय झाली आणि चहाशी तिची गाठ पडली. नाव काही असो, काम एकच: बसलेल्या माणसाच्या हाताशी एक सपाट जागा असावी. आजच्या सजावटीने नेमकी तीच जागा खाल्ली आहे, ही माझी तक्रार.

आमचे राजेगाव मध्य प्रदेशाच्या टोकाला. पलीकडे गोंदिया, महाराष्ट्र. गाव लहान, पण मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, त्यामुळे सजावटीचे शास्त्र इथेही पोहोचले. वस्तू विषम संख्येत, बहुधा तीन. एक उंच, एक मध्यम, एक बसकी. खाली ट्रे. शेजारी जाड पुस्तकांची चळत आणि तिच्यावर काहीतरी पितळी. खोटे कशाला बोलू, हे नियम चुकीचे नाहीत. सारख्या उंचीच्या चार वस्तू ओळीने मांडल्या तर दुकान वाटते. ट्रे असला की पुसताना सगळे एकदम उचलता येते. पण हे नियम उभे राहून फोटो काढणाऱ्यासाठी आहेत, सोफ्यावर बसणाऱ्यासाठी एकही नाही. पाण्याचा पेला कुठे ठेवायचा, हे त्यात येतच नाही. मग पाहुणी रिकामा कप मांडीवर धरून बसते, आणि चहा घेऊन आलेली सून आधी मेणबत्ती सरकवू की पुस्तके, या विचारात उभी!

आता एकेक वस्तू बघा. उरुळी हे मुळात केरळातले स्वयंपाकाचे पसरट भांडे. आपण त्यात पाणी भरतो, फुलांच्या पाकळ्या सोडतो, वर तरंगते दिवे लावतो. आमच्याकडे चहूकडे भाताची शेते. पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लागला की पाखरे किती येतात, हे काय सांगायला हवे? सकाळी ती त्या पाण्यात मेलेली दिसतात. जी बाई पाणी गाळून पिते, सूर्यास्ताआधी जेवण उरकते, तिच्याच बैठकीत हा सापळा का मांडलेला असावा?

दुसरे, बुद्धाचे नुसते डोके. मूर्तीचे डोके वेगळे का झाले, तर कुणीतरी ती फोडली म्हणून. जुन्या मूर्तींची डोकी तोडून विकली गेली आहेत. त्या तुटक्या रूपाची नक्कल आपण शांततेची खूण म्हणून विकत आणतो. एखाद्या तीर्थंकराचे नुसते मस्तक असे बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलेले आपल्याला चालेल का? नाही ना? मग दुसऱ्याच्या श्रद्धेचेही ठेवू नये.

सुंदर वस्तू नकोतच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या दिगंबर परंपरेतली अष्टमंगल द्रव्ये आठवा: झारी, कलश, दर्पण, चामर, ध्वज, पंखा, छत्र, ठोणा. झारीने पाणी घालायचे, आरशात पाहायचे, पंख्याने वारा घालायचा, छत्राने सावली धरायची. श्वेतांबरांच्या यादीतही कलश, दर्पण आणि बसायचे भद्रासन आहेच. ज्यांनी कामाच्या वस्तूंना मंगल मानले, त्यांना सौंदर्य कळत नव्हते असे कोण म्हणेल?

उलट बाजूही सांगते. टीपॉय अगदी मोकळा ठेवण्याचीही आता फॅशन आहे. त्याला काही जणी कौतुकाने अपरिग्रह म्हणतात. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूवर जडलेली आसक्ती, असे सांगितले आहे; वस्तू मोजायला सांगितलेले नाही. त्या महागड्या मोकळ्या काचेवर कुणी ओला पेला टेकवला आणि आपला जीव खालीवर झाला, तर रिकामा टीपॉयही परिग्रहच झाला. उलट तीन वस्तू असूनही नातवाने एक उचलून नेली, आणि आपण हसून बघत राहिलो, तर त्या तिन्ही कुणाला बांधत नाहीत.

तेव्हा एवढेच करून पाहा. आपल्या वारासिवनीच्या हातमागाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कापडाची एक पट्टी अंथरा. बालाघाटला बांबूची कमी नाही. एखादी टोपली ठेवा आणि तिच्यात बडीशेप, सुपारी, आल्यागेल्यापुढे करायचे काहीतरी असू द्या. पुस्तक एकच, सध्या वाचत असाल ते. आगमग्रंथ मात्र तिथे नको, त्याची जागा चौरंगावर. बाकीचा टीपॉय मोकळा सोडा. आणि मग फोटो काढण्याआधी स्वतः सोफ्यावर बसून बघा, हातातला पेला न वाकता, काही न सरकवता ठेवता येतो का.