‘भारताचें मूलभूत ऐक्य’ : लक्षण कीं उपलक्षण ?

डॉ. राधाकुमुद मुखर्जी यांचा ‘फंडामेंटल युनिटी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९१४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९२४ सालीं इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले रॅम्से मॅक्डोनल्ड यांची प्रस्तावना त्यास लाभली आहे. हिंदुस्थान नांवाचा एक देश कधींच नव्हता, असें सर जॉन स्ट्रेची यांच्यासारखे अधिकारी प्रतिपादीत असत. त्यांस सप्रमाण उत्तर देणें हें ग्रंथकाराचें प्रयोजन होय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नदीसूक्त, तीर्थयात्रा, शंकराचार्यांचे मठ, राजसूय व अश्वमेध यांमागील सार्वभौमत्वाची कल्पना, ही सर्व सामग्री त्यांनीं एके ठिकाणीं मांडली. आगगाडी व तारायंत्र येण्यापूर्वीं या भूमीचें समग्र रूप येथील लोकांस ठाऊक नव्हतें, हा आक्षेप त्या पुराव्यापुढें टिकत नाहीं. एवढें श्रेय ग्रंथास निःसंकोच दिलें पाहिजे.

परंतु भूमीची ओळख असणें एक आणि त्या भूमीवरील लोकांचें एक राष्ट्र असणें निराळें. मनूनें राज्याच्या सात अंगांत ‘राष्ट्र’ हें एक अंग गणिलें आहे. तेथें त्याचा अर्थ राजाच्या ताब्यांतील लोकवस्तीचा प्रदेश एवढाच आहे. कौटिल्य त्या जागीं ‘जनपद’ शब्द योजितो. आजच्या ‘राष्ट्र’ शब्दांतील समान नागरिकत्वाचा अर्थ या जुन्या शब्दांवर लादणें शास्त्रशुद्ध नव्हे.

आतां तीर्थयात्रेनें जोडलेला समाज हेंच राष्ट्राचें लक्षण मानलें, तर काय होतें तें पाहूं. लक्षण अव्याप्ति व अतिव्याप्ति या दोषांपासून मुक्त असावें, असा नैयायिकांचा दंडक आहे. हिंगळाज बलुचिस्तानांत, पशुपतिनाथ नेपाळांत, कैलास तिबेटांत. हीं स्थळें या लक्षणांत येतात, पण भारताच्या सीमेंत येत नाहींत. ही अतिव्याप्ति झाली. उलट, कोंकणांत शतकानुशतकें राहून मराठी बोलणारे बेने इस्रायल, मेघालयांतील खासी, केरळांतील मापिळा मुसलमान हे सर्व भारताचे, पण या यात्रेच्या वाटेबाहेरचे. ही अव्याप्ति झाली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच आपला आधार हिंदु साधनांचा असल्याचें ग्रंथकार सांगतात. तेव्हां त्या साधनांतून निघणारें अनुमान सर्व भारतीयांस लागू करण्याचा अधिकार त्यांतून उत्पन्न होत नाहीं.

भाषा हें लक्षण धरलें तरी गति तीच. बंगाली भारतांत आहे आणि बांगलादेशांतही आहे. तमिळ भारतांत आहे आणि श्रीलंकेंतही. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत आरंभीं १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. त्यांतील एकच राष्ट्राची मानल्यास इतरांचे भाषिक बाहेर राहतात. केवळ धर्माचें बंधन पुरतें कीं काय, याचें उत्तर पाकिस्तानच्या १९७१ मधील विभागणीनें दिलें आहे.

मग हा सर्व पुरावा निरुपयोगी काय? नव्हे. देवदत्ताचें घर कोणतें असें कोणी विचारलें, तर ‘ज्यावर कावळा बसला आहे तें’ असें सांगतात. कावळा उडून गेला तरी घर देवदत्ताचेंच राहतें. शास्त्रकार यास उपलक्षण म्हणतात. यात्रा, मठ, सार्वभौमत्वाच्या कल्पना हीं या घराचीं उपलक्षणें आहेत. त्यांच्या जोडीस ग्रंथाच्या कक्षेबाहेरचीही बसविलीं पाहिजेत. नामदेवांची पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत आहेत. महाराष्ट्र सोडूं नये असा उपदेश ज्या महानुभाव पंथांत होता, त्याचेच मठ पुढें पंजाबांत व काबुलापर्यंत पोंचले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठींत कोरलेला आहे. येणेंजाणें होतें, हें यावरून सिद्ध होतें. कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर ठेवावें, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

तें ठरविण्याचें काम राज्यघटनेच्या पांचव्या कलमानें केलें. त्यांत या भूमीवरील अधिवास, आणि त्याच्या जोडीस स्वतःचा वा आईबापांपैकीं एकाचा येथील जन्म, किंवा पांच वर्षांचा येथील वास, एवढेंच विचारलें आहे. धर्माचा व भाषेचा उल्लेख नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें तीन शेजारी देशांतून आलेल्या कांहीं स्थलांतरितांपुरती धर्माची नांवें प्रथमच आलीं. म्हणून लक्षण कोणतें व उपलक्षण कोणतें हा विवेक आज केवळ पंडितांच्या वादाचा विषय राहिलेला नाहीं; त्यावर माणसांचें घर व हक्क अवलंबून आहेत.

मुखर्जींनीं परकीय आक्षेपकांस दिलेलें उत्तर बरोबर होतें. त्याच उत्तराचा उपयोग घरच्याच माणसास परका ठरविण्यासाठीं जो करील, त्यास मात्र हा ग्रंथ साक्षीस बोलावितां येणार नाहीं. इतिहास घराची खूण सांगतो. घरांतील प्रत्येकाचा वाटा समान राखण्याचें कर्तव्य त्या घरांत राहणारांचें आहे, असें आमचें मत आहे.