वर्गाध्यापनाच्या चित्रफिती आणि संकेतांकनाची प्रणाली

वर्गात शिक्षक प्रत्यक्ष काय करतो हे पाहण्याची साधने गेल्या अर्धशतकात पुष्कळ बदलली. पाहण्याची दृष्टी त्या प्रमाणात बदलली असे मात्र म्हणवत नाही. नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया-विश्लेषणपद्धती भारतातील अध्यापक-महाविद्यालयांत दीर्घकाळ रूढ होती. वर्गात मागे बसलेला निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक आकडा नोंदवीत असे. आकडे दहा, पैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा वा गोंधळाचा. क्षण सरला की सरला. नोंद चुकली होती काय, हे पुन्हा पाहण्याची सोय नव्हती.

ही सोय चित्रफितीने दिली आणि संगणकाने ती सुलभ केली. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासाला जोडून जेम्स स्टिगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या इयत्तेचे गणिताचे २३१ पाठ चित्रित केले : जर्मनीतील १००, अमेरिकेतील ८१ व जपानमधील ५०. व्हीप्रिझम ह्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र, संभाषणाचे लेखन आणि संशोधकाने लावलेला संकेत ही तिन्ही एकाच वेळांकाला बांधलेली असत. संकेतावर बोट ठेवावे आणि तो क्षण डोळ्यांपुढे यावा, अशी ही योजना होती. आज इलान, ट्रान्साना यांसारख्या प्रणाली हेच काम साध्या संगणकावर करतात.

येथे एक भ्रम उत्पन्न होतो. वेळांक सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक असला म्हणजे त्याला चिकटविलेला संकेतही तितकाच अचूक, असे वाचकाला (आणि पुष्कळदा संशोधकालाही) वाटू लागते. वस्तुतः प्रणाली काहीच पाहत नाही. मराठी शाळेतील एक नित्याचा प्रकार घ्यावा. ‘‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी...’’ असे म्हणून शिक्षक वाक्य अधांतरी सोडतात आणि सारा वर्ग एका सुरात ‘‘अंश!’’ म्हणून ते पुरे करतो. फ्लँडर्सच्या कोष्टकात ह्याची नोंद शिक्षकाचा प्रश्न व विद्यार्थ्यांचे उत्तर अशी होणार. पण हा प्रश्न आहे, की लक्ष जागे ठेवण्याची केवळ एक लकब? नव्या प्रणालीत जुनेच कोष्टक भरले, तर गणती जलद होईल इतकेच.

गणतीवर विसंबणे किती फसवे असते, हे १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासाने, ज्याचा गणितविषयक अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, सात प्रदेशांच्या तुलनेत दाखविले. हाँगकाँगच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या एका शब्दामागे शिक्षकाचे सोळा शब्द आढळले, अमेरिकेत आठ. केवळ ह्या आकड्यावरून हाँगकाँगचे अध्यापन निकृष्ट ठरवावे लागेल. तथापि संकल्पनांचे परस्परसंबंध उलगडावेत म्हणून दिलेले उदाहरण सोडविताना ते संबंध खरोखर उलगडले जातात काय, हे तपासले तेव्हा चित्र पालटले. अमेरिकी वर्गांत अशी उदाहरणे जवळजवळ सर्वच निव्वळ रीत चालविण्यात विरून जात. हाँगकाँगमध्ये तसे होत नसे. हा शोध कुणा यंत्राने लावलेला नाही. गणित जाणणाऱ्या माणसांनी तेच तेच प्रसंग वारंवार पाहून, वाद घालून तो लावला. जपानचे गणिताचे पाठ तर १९९५ चेच होते. जुन्या फितींना नवे प्रश्न विचारले गेले. प्रणालीचे खरे सामर्थ्य ह्या परतण्यात आहे.

कॅमेराही निःपक्षपाती नसतो. पहिल्या अभ्यासात एकच कॅमेरा होता व तो प्रामुख्याने शिक्षकामागे फिरे. शेवटच्या बाकावरील मुलाच्या वहीत काय चालले होते, ते त्या फितीला कधीच सांगता येणार नाही. दुसऱ्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडे रोखलेला आणखी एक कॅमेरा आला. तरीही दर शिक्षकाचा पाठ एकच, ही मर्यादा राहिलीच.

संकेतकांमधील एकमताची टक्केवारी, किंवा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचविलेला कप्पा-गुणक, प्रबंधात छापला की पद्धतीची चर्चा संपली असे मानण्याचा प्रघात आहे. ८५ टक्के एकमत म्हणजे १५ टक्के ठिकाणी दोन जाणत्या माणसांना दोन भिन्न गोष्टी दिसल्या. विश्लेषणाला खरे खाद्य तेथेच असते. नेमका तोच भाग अहवालातून गळतो. वेळांक हाताशी असताना ती स्थळे परिशिष्टात देणे मुळीच कठीण नाही. १९९९ च्या अभ्यासाला जोडून गणित व विज्ञान मिळून ५३ पाठ संमतीपूर्वक सर्वांना खुले करण्यात आले, त्यामुळे कोणाही वाचकाला तेथे आपला संकेत लावून पाहता येतो. मुलांचे चेहरे असलेल्या फिती सर्वत्र अशा खुल्या करता येणार नाहीत, हे उघड आहे. पण संभाषणाचे लेखन, नावे वगळून, वादग्रस्त संकेतांसह परीक्षकापुढे ठेवण्यास ती अडचण आड येत नाही.