तोफ, गाडा आणि तट : रायगड किनाऱ्यावरील जलदुर्गांच्या अभ्यासाविषयी

रायगड किनाऱ्यावरील जलदुर्गांविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात तोफांचे वर्णन आढळते. पुरावा म्हणून त्यांची छाननी क्वचितच आढळते. किल्ला आंग्र्यांचा, म्हणून त्यावरील तोफही आंग्र्यांची, असे सोपे अनुमान अनेकदा गृहीत धरलेले असते.

अलिबागसमोरील कुलाबा किल्ला पाहावा. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांची संयुक्त स्वारी कान्होजी आंग्र्यांपुढे निष्फळ ठरली, ती याच परिसरात. उत्तरेकडील तटावर गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा पाहणारास त्या पराक्रमाच्या साक्षी वाटतात. गाड्यावर मात्र यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे वर्ष आहे. तो कारखानाच मुळी १७९१ चा. आणि आंग्र्यांचे संस्थान तर १८४० मध्येच खालसा झालेले! अर्थात येथे उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. गाड्याचे वर्ष हे नळीचे वर्ष नव्हे. जुनी नळी नव्या गाड्यावर चढविता येते. नळीवरील चिन्हे, तोंडाचा व्यास आणि कान यांची स्वतंत्र नोंद झाल्याखेरीज या जोडीचे वय ठरविणे अशास्त्रीय होय.

जंजिऱ्याच्या बाबतीत दोष निराळा आहे. कलाल बांगडी, चावरी व लांडा कासम यांच्या आकाराचा बोलबाला एवढा, की किल्ल्याचे अजिंक्यत्व या तीन नळ्यांतच साठविले होते असे वाटावे. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यावरील तोफांनी काम भागले असते, तर हा खटाटोप कशाला झाला असता? पाण्याचे अंतर आणि सिद्दीचे आरमार यांचा विचार तोफेच्या वजनाआधी व्हावयास हवा.

खरा प्रश्न खांदेरी-उंदेरीचा आहे. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरीवर तटबंदी आरंभताच मुंबई बंदराचे दार अडते हे इंग्रज व सिद्दी या दोघांनीही ओळखले. १६८० मध्ये सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावून तेथे तोफा चढविल्या. उंदेरीचे मोल तिच्या आकारात नव्हे, खांदेरी तिच्या माऱ्यात येते यात होते. दोन शत्रूंचे हे दोन तोफखाने एकमेकांवाचून समजत नाहीत. परंतु १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने स्थळे वर्णानुक्रमाने दिली, आणि पुढील लेखकांनीही किल्लेवार प्रकरणांचीच वाट धरली. त्यामुळे एका लढ्याची दोन सुटी वर्णने झाली. माऱ्याची क्षेत्रे, खोल पाण्याचा मार्ग व भरतीची रेषा एकत्र दाखविणारा नकाशा अशा ग्रंथांत सहसा नसतो, ही उणीव किरकोळ नव्हे.

तिचे परिणाम ग्रंथापुरते राहत नाहीत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही.